बिशप जॉर्डनस आपला की परका?

खाडीकाठ: वसई-ठाण्यातला ख्रिस्ती धर्म ही १५३४ नंतरची पोर्तुगीजांची देणगी. त्याआधी इथे काही नव्हतं.

वसईची लेक: हे शाळेपासून ऐकतेय, आज उत्तर देतेच. १३२१ मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू मारले गेले. त्यांच्यासोबत आलेला, डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाचा साधू जॉर्डनस तेव्हा भडोचच्या वाटेला होता. कळल्यावर त्याने मृतदेह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, नेऊन पुरले, आणि त्यानंतरही तो इथून पळाला नाही. १३२९ मध्ये पोपने त्याला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं. वास्को द गामा यायला अजून १६९ वर्षं होती! कॉलेजात मला विचारायचे, 'पोर्तुगालमध्ये तुमचं गाव कुठलं?' माझी आजी घरात कादोडी, वसईची मराठी बोली, बोलायची हो.

खाडीकाठ: आजीबद्दल आदर आहे, पण ठाणे-सोपाऱ्यात बाप्तिस्मे ३५, हे जॉर्डनसच्याच पत्रात आहे. ३५ माणसांची परंपरा होते का?

जुनी बखर: साधू उतरले कुणाकडे? नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या ख्रिस्त्याच्या घरी! त्यानंतर इथे आलेला फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक अशी १५ घरं सांगतो. त्या घरात नवरा-बायकोचं वाजलं, मार खाल्लेली बाई काझीकडे गेली, साक्षीला साधूंना बोलावलं आणि तिथून गोष्ट धर्मावर जाऊन साधूंच्या जिवावर बेतली. चुली होत्या, भांडणं होती, आणि तुम्ही म्हणता काही नव्हतं.

सोपारकर: सोपाऱ्याचं नाव निघालंच आहे तर बोलतो. नालासोपारा म्हटलं की लोकांना फक्त लोकलची गर्दी आठवते. १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला. अशोकाचा लेख इथे सापडला. आमच्या विहिरीच्या कामात हातभर लांबीच्या विटा निघाल्या, ठेकेदाराने भरावात टाकल्या. मी दहा वर्षांचा होतो. एक वीट उचलून घरी नेली, आईने तिच्यावर तुळस ठेवली.

खाडीकाठ: विषय बिशपचा आहे. विटा कुठून आल्या?

सोपारकर: ज्या मातीत त्याने सोबती पुरले तिचा विषय नाही? ओडोरिक ती हाडं उकरून चीनला घेऊन गेला. जागा कुठली, हे आज गावात कुणी दाखवू शकत नाही. इतक्या विटा भरावात गेल्यावर दाखवणार तरी कसं?

वसईची लेक: दादा, ती वीट अजून आहे का?

सोपारकर: आहे. तुळस तिसरी.

खाडीकाठ: बरं, 'काही नव्हतं' हे मागे घेतो. पण आजची वसई १५३४ नंतरचीच, यावरून हलणार नाही.

वसईची लेक: नका हलू. पुढच्या वेळी १३२१ पासून सुरुवात करा, मग भांडू.