पालक, तीळ आणि नाचणीचे सत्त्व एवढ्यावर हाडे टिकतात का?

अनुस्वार
रानवारा यांनी परवा लिहिले की दूध-दही सोडून वर्ष झाले, रोज पालकाची स्मूदी, चमचाभर तीळ आणि वाटीभर नाचणीचे सत्त्व घेतले की कॅल्शियमची गरज 'आरामात' भागते. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझा आक्षेप दूध सोडण्याला नसून त्या 'आरामात' या शब्दाला आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी रोजचे प्रमाण ६०० वरून १००० मिलीग्रॅमवर नेले आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी ते १२०० ठेवले. पालकात कॅल्शियम भरपूर दिसते, परंतु पानांतल्याच ऑक्झलेट या घटकाने ते असे बांधलेले असते की त्यातले जेमतेम ५ टक्के अंगी लागते. दुधातले सुमारे ३० टक्के लागते. मोठा चमचा भरून तीळ घेतले तर १०० मिलीग्रॅमच्या आत-बाहेर मिळते, तेही सालीसकट असतील तरच. साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात फार थोडे उरते. ब्रिटनमधील एपिक-ऑक्सफर्ड या आहार आणि आरोग्याच्या पाहणीचे अस्थिभंगाविषयीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले: सुमारे ५५,००० माणसे, सरासरी १८ वर्षांचा मागोवा, आणि व्हीगनांमध्ये, म्हणजे दूध-अंडीही वर्ज्य करणाऱ्यांमध्ये, अस्थिभंगाचा धोका मांसाहारींपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक, खुब्याचा तर दुपटीहून जास्त. इतके असताना वाचकांना 'आरामात' सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

रानवारा
आपण आकडे निवडून मांडता. त्या पाहणीतील व्हीगन मंडळी सडपातळ होती, त्यांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही कमी होती, आणि हे हिशेबात धरल्यावर फरक कमी झाला. स्वीडनच्या २०१४ च्या अभ्यासाविषयी मात्र आपण गप्प आहात; तेथे दिवसाला ३ किंवा अधिक पेले दूध पिणाऱ्या स्त्रियांची हाडे अधिक मोडली. माझ्या आईने जन्मभर दोन्ही वेळा पेलाभर दूध घेतले, तरी साठीत मनगट मोडले आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.८, म्हणजे हाडे ठिसूळ, असा निघाला. दूध म्हणजे मजबूत हाडे हे समीकरण जाहिरातींनी आपल्या डोक्यात बसवले आहे.

अनुस्वार
फरक कमी झाला, नाहीसा झाला नाही. स्वीडनच्या त्याच अभ्यासात चीज आणि आंबवलेले दुग्धपदार्थ खाणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्थिभंग कमी आढळले, तो भाग आपण सोयीस्करपणे गाळलात. आपल्या आईंबद्दल वाईट वाटते. पण एका मनगटावरून दुधाचा निकाल लागत नाही.

दापोलीकर
गाळण्यावरून आठवले. सत्त्व, सत्त्व काय चालवले आहे? नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते हे खरे, पण त्यातला मोठा वाटा कोंड्यात असतो. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून तुम्ही तो चोथा गुरांना घालता आणि पांढरी पिठी चाटून हाडांची वाट पाहता. भाकरी खा. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून गाजवले गेले, पण आमच्या वरकस जमिनीत नाचणी लावायला आता माणूस मिळत नाही, आणि शहरात तीच नाचणी चौपट भावाने पौष्टिक म्हणून विकली जाते.

ताकपिठ्या
सत्त्वावर आमच्या घरातली चार पिढ्यांची मुले वाढली आहेत. मोड आणल्याने धान्यातले कॅल्शियम बांधून ठेवणारे फायटेट कमी होते आणि कॅल्शियम शोषले जाण्यातला अडथळा घटतो, हे आपल्याला ठाऊक नसावे. आजीच्या पद्धतीला गुरांच्या चाऱ्याशी जोडण्याआधी थोडी सभ्यता दाखवावी.

दापोलीकर
मोड आणण्याला मी कधी नावे ठेवली? मोड आणा, वाळवा आणि न गाळता दळा, किंवा पीठ आंबवून आंबील करा. दात न आलेल्या बाळासाठी सत्त्व योग्यच आहे. येथे प्रश्न पन्नाशीतल्या बाईच्या हाडांचा आहे, आणि तिला दात आहेत.

ताकपिठ्या
प्रत्येक धाग्यावर आपण नाचणीच दळता. वरणभाताच्या चर्चेतही हेच केले होते.

भरतीओहोटी
सुका जवळा तव्यावर भाजा, कांदा घाला आणि वाद मिटवा. (ठाऊक आहे, विषय वनस्पतींचा आहे.)

खुबेदुखी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून ही भांडणे वाचून हसू येते. माझ्याकडे येणाऱ्या शाकाहारी आणि मासेखाऊ, दोन्ही रुग्णांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सारखीच दिसते, आणि ते नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. नाचणीत ते नाही, आणि वरून न घातलेल्या दुधातही नावापुरतेच असते. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणातून काढतात, व्हीगनांसाठी ते लायकेनपासून, म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र वाढून बनलेल्या वाढीपासून, मिळते. दगडफूल त्याच कुळातले, पण गोडा मसाला खाऊन भागणार नाही. वनस्पतींमधून बी-१२ भरवशाने मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते. आणि कृपा करून वजने उचला, जिने चढा. डाळी, सोयाबीन कमी करू नका. प्रथिनांनी हाडे झिजतात हा समज आता मागे पडला आहे.

रानवारा
हिशेबच हवा ना? नाचणीच्या २ भाकऱ्या, १२० ग्रॅम पीठ, सुमारे ४२०. शेवग्याच्या पाल्याची भाजी, अंदाजे १५०. सालीसकट तिळाची चटणी, २ मोठे चमचे, १८०. कॅल्शियम घातलेले सोया दूध पेलाभर, २०० तरी. डाळ-उसळीचे धरले की १००० होतात.

अनुस्वार
हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर माझी दुपार वाचली असती. पालक आणि सत्त्व यादीतून मुकाट्याने गेले, त्याबद्दल दापोलीकरांचे आभार माना. एवढा स्वयंपाक रोज करणाऱ्याची हाडे टिकतील, हे मी मान्य करते; मात्र तो कोण करते, हे आपण लिहिलेले नाही. गोळ्या घेता का, हेही सांगा.

रानवारा
बी-१२ घेतो. ड जीवनसत्त्वाची तपासणी पुढच्या आठवड्यात करणार आहे, आणि आपण सुचवले म्हणून नव्हे. स्वयंपाक मीच करतो.