औषधांना हा हिशेब लावू नका

'जिथे स्वस्त पडेल तिथून बनवून आणा' असं बरेच जण म्हणतात; छत्र्या-खेळण्यांपुरतं ते मलाही पटतं. भाव उतरतो, गिऱ्हाइकाचा फायदा होतो. औषधांचं मात्र वेगळं आहे.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन तयार होत होतं. पुढे चिनी माल इतका स्वस्त यायला लागला की पेनिसिलिन-जी, म्हणजे ज्यापासून अमोक्सिसिलिनसारखी जंतुनाशक औषधं बनतात तो मूळ घटक, बनवणं आपल्याकडे कुणालाच परवडेना. हे काम म्हणजे मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची; हवा, तापमान, वीज, सगळं अखंड लागतं. एकदा बंद पडलं की जाणती माणसंही पांगतात. अमोक्सिसिलिनच्या पाकिटावर भारतात बनल्याचं छापलेलं, पण आतला मूळ घटक वर्षानुवर्षं बाहेरून आलेला.

मार्च २०२० मध्ये चीनमधला पुरवठा अडखळला, तेव्हा पॅरासिटामॉलसकट २६ औषधं आणि घटकांच्या निर्यातीवर सरकारला बंधनं घालावी लागली. त्याच वर्षी औषधांचे मूळ घटक देशातच बनावेत म्हणून ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आली आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जी पुन्हा बनू लागलं. तिथला माल चिनी मालापेक्षा महाग पडला तरी तो कारखाना चालता राहिलाच पाहिजे. त्यासाठी गोळीमागे चार पैसे जास्त द्यायची माझी तयारी आहे.