नवा जन्म की पुनर्जन्म?

ख्रिस्ती 'नवा जन्म' आणि आपला पुनर्जन्म एकच, असं कुणी कुणी म्हणतं. मला नाही पटत. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा यहुदी पुढारी रात्री येशूकडे येतो. नवा जन्म घ्यायला हवा, असं येशू म्हणतो, तर तो विचारतो, म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा शिरणार? बिचारा! येशूच्या त्या बोलण्यात मूळ ग्रीक शब्द 'अनोथेन'. त्याचा अर्थ 'पुन्हा' आणि 'वरून'ही, घोळ तिथेच.

हाच नवा जन्म डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दकडेही आहे. त्याने जून १८४४ मध्ये चार दिवसांच्या अंतराने दोन पुस्तकं काढली, दोन टोपणनावांनी (हौसच होती त्याला). एकात श्रद्धेने माणूस बदलणं म्हणजे नवा जन्म. दुसऱ्यात क्षण हा काळाचा नव्हे, अनंताचा अणू. म्हणजे मरणानंतरची वाट बघायची नाही, ह्याच देहात निवड करायची. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने पुढे निवड तेवढी ठेवली, अनंत काढून टाकलं.