पन्नाशीनंतर परराज्यात क्रिकेट खेळायला जाताना : तुमचे अनुभव

ठाणे

गेल्या महिन्यात आमचा पन्नाशीपुढचा संघ मडगावला सीझन बॉलची, म्हणजे कडक लेदर चेंडूची, स्पर्धा खेळून आला. तीन सामने, एक जिंकलो. परत आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा. या वयात किट उचलून परराज्यात जाणाऱ्यांनी, त्यांच्यासोबत जाणाऱ्या घरच्यांनीही, मनापासून लिहावं.

आधी माझं सांगतो. आम्ही चौदा जण कोकणकन्येने निघालो. रेल्वेचा खालच्या बर्थचा कोटा पुरुषांना साठीनंतर मिळतो आणि आम्ही सगळे बावन्न ते अठ्ठावन्नमधले, त्यामुळे वाट्याला वरचे नि मधले बर्थच जास्त आले. आमच्या कीपरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पनवेल येईस्तोवर नुसती अदलाबदल चालली होती, शेवटी एका कॉलेजच्या मुलाने आपणहून त्याला खालची जागा दिली. किटबॅगा सीटखाली मावेनात, म्हणून दोघा-दोघांनी मिळून एकच बॅग न्यावी हे पुढच्या खेपेसाठी पक्कं केलंय.

सामन्याच्या दिवशी सकाळी सहा वाजता आमचा सलामीवीर व्हरांड्यात बसून पोटरीला क्रेप बँडेज बांधत होता. पाय समोरच्या खुर्चीवर, सुरुवात घोट्यापासून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर. अर्ध्यात आल्यावर पाऊल हलवून बघितलं, घट्ट वाटलं, सगळं सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून. तोंडाने एक शब्द नाही. पंचवीस वर्षं बँकेत नोकरी केलेला हा माणूस, पण इतकं मन लावून काही करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी त्याने ३१ केल्या. एकही रन पळायची सोडली नाही.

प्रा. दि. ब. देवधरांनी रणजीत मुंबईविरुद्ध २४६ केल्या तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. तिचा अर्थ कळला तो मडगावच्या उन्हात वीस ओव्हर फिल्डिंग केल्यावर.

सातारा

मी मुलगी म्हणून लिहितेय. बाबा ६३ वर्षांचे. स्पर्धा बडोद्याला होती. आई म्हणाली, "तू सोबत जाणार असशील तरच पाठवते." बीपीच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, बर्फाची पिशवी, सगळं माझ्याकडे. बाबांना ते आवडलं नव्हतं, दोन दिवस बोलणं जेवढ्यास तेवढं.

सामना नव्हता त्या दिवशी त्यांनी मला मोतीबाग मैदानाकडे नेलं. विजय हजारे मूळचे सांगलीचे, खेळले बडोद्याकडून. १९४६-४७च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी नि गुल महंमदांनी इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली, हे बाबा सांगत होते आणि मी पहिल्यांदा नीट ऐकत होते. संध्याकाळी दांडिया बाजारात समोरच्या संघातल्या एका काकांकडे जेवायला गेलो. घरात मराठी, पण ताटात आमटीशेजारी उंधियू. काकूंनी बाबांना दोनदा वाढलं आणि मी पथ्याचं काही बोलले नाही.

कोल्हापूर

हुबळीला गेलो होतो. लॉज तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, गरम पाणी नाही. सामना खेळून आलेल्या पायांनी ते जिने चढणं फार जड गेलं. खोली ठरवताना तळमजला आणि गरम पाणी फोनवरच पक्कं करा, बाकी काहीही चालतं.

मेलबर्न

इथे पन्नाशी, साठी आणि सत्तरीपुढच्यांचेसुद्धा राज्यांचे संघ आहेत. मी तेवढा मोठा खेळाडू नाही, आमच्या क्लबबरोबर गाडीने ॲडलेडला जातो. सव्वासातशे किलोमीटर. पहिल्या खेपेला ड्रिंक्ससाठी बायकोने दोन डझन संत्री दिली होती. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीच्या भीतीने बाहेरची फळं नेऊ देत नाहीत, सगळी वाटेत टाकावी लागली. फार वाईट वाटलं. तिने रात्री बसून एकेक निवडून भरली होती. आता बेसनाचे लाडू नेतो, आणि घड्याळ अर्धा तास मागे करायला विसरत नाही. सत्तरीचे ऑस्ट्रेलियन आजोबा लाडू खाऊन "वन मोर, मेट" म्हणतात, तेव्हा तिला लगेच फोन करतो.

नागपूर

माझी बायपास झाली आहे, खेळणं बंद. संघाने विचारलं, "स्कोअरर म्हणून येता का?" इंदूरला गेलो. कर्नल सी. के. नायडू आमच्या नागपूरचे, होळकरांकडून खेळले आणि साठी उलटल्यावरही रणजीत उतरले. त्या शहरात स्कोअरबुक मांडीवर घेऊन बसलो होतो. दोन पेन्सिली, एक खोडरबर, धाव न निघालेल्या प्रत्येक चेंडूला एक टिंब. माझ्या जागी आलेल्या मुलाने (मुलगा म्हणजे ५१ वर्षांचा) पहिला चौकार मारला आणि माझी पेन्सिल थांबली. अंपायर हात हलवत माझ्याकडे बघत उभे. मी हात वर केला आणि चार लिहिले.

यंदा रायपूर. माझं तिकीट काढून झालंय.