आजीच्या वहीत 'अनाशी ढाकायचा सण' लिहिलंय, हा कुठला?

ठाण्याची_नात
नमस्कार मंडळी, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजी जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल, त्यादिवशी वाटायला चार पानं छापतोय. काकांनी मजकूर दिला, 'आदर्श शिक्षिका व थोर समाजसेविका', वाचून मलाच कळेना ही कोण बाई! आजी मराठी शाळेत चौथीचा वर्ग घ्यायची आणि रविवारी ओट्यावर बसून, ज्यांची पोरं इस्रायलला गेली त्या आयांना पत्रं लिहून द्यायची, फुकट. त्याची वही सापडलीये. त्यात 'दारफाळणीच्या आत पोचावे', 'अनाशी ढाकायच्या सणाला पाठविले' असं आहे. कुठले सण हे? घरात तर आम्ही योम किप्पूर, पेसाहच म्हणतो.

शनवार_तेली
अगं तेच ते, जुनी कोकणातली नावं. दार फाळायचं म्हणजे बंद करायचं, दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, आपला प्रायश्चित्ताचा दिवस. योम किप्पूरला पांढरे कपडे, उपास आणि दारं लावून घरात, बाहेरच्या कोणाशी बोलायचं पण नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दानधर्म आणि गाठीभेटी. अनाशी ढाकायचा म्हणजे पेसाह. अनस हे आंबट कालवण, त्याचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचे. पेसाहला आंबवलेलं चालत नाही हे कारण लोक कधीच विसरले होते, भांडं मात्र झाकत राहिले 😄 हाईम सॅम्युएल केहिमकरांनी लिहिलेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात आहे हे, १८९७ ला लिहिलेला, छापला १९३७ ला. आजी शिकली कुठे?

ठाण्याची_नात
माझगावला, कदूरी शाळेत.

शनवार_तेली
मग बरोबर! ती शाळा १८७५ ला केहिमकरांनीच काढलेली. रिबेका रूबेन १९२२ ते ५० तिथे मुख्याध्यापिका होत्या, आजीच्या वेळी त्याच असणार.

चौथी_ब
मी बाईंचा विद्यार्थी. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर बाईंनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि 'आशिर्वाद'चा शि दीर्घ करून पत्रिका परत माझ्या हातात! हे छापा की, थोर-बिर कशाला.

अश्दोदकर
आमच्या आईकडे बाईंच्या हातची पत्रं आहेत, निळी, घडीची. माझ्या आजीने सांगितलेलं सगळं, 'आम्ही खुशाल आहोत' वगैरे, मोठ्या अक्षरात, आणि खाली घडीजवळ बारीक अक्षरात बाईंचं स्वतःचं : 'आईचा गुडघा सुजला आहे, ती सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.' आईने त्या महिन्यात पैसे पाठवले आणि आजीला शेवटपर्यंत कळलं नाही की हिला कसं समजलं.

ठाण्याची_नात
आई गं. वहीत अशा पत्रांपुढे एक छोटी फुली आहे, मला वाटलं पोस्टाचा हिशोब असेल. आत्ता मोजल्या, एकोणीस आहेत. दादा, त्या घडीचा फोटो पाठवता का, अक्षर वाचता येईल असा? मजकूर शुक्रवारी प्रेसला द्यायचाय, काकांना मी सांगते काय ते.