अर्थवाद म्हणजे अतिशयोक्तीच का?

प्रश्न : स्तोत्राच्या फलश्रुतीचा विषय निघाला की आमचे गुरुजी 'तो अर्थवाद हो' म्हणून मोकळे होतात. म्हणजे अतिशयोक्ती अलंकारच ना? (पैशाशी संबंध नाही, एवढं कळलं.)

प्रतिसाद : नाही. अतिशयोक्ती ही बोलण्याची तऱ्हा झाली; अर्थवाद म्हणताना वाक्य कशासाठी आलंय ते बघतात. शब्द मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते ठरवणाऱ्यांचा. सांगितलेल्या कर्माची स्तुती किंवा वर्ज्य गोष्टीची निंदा करणारं वाक्य तो अर्थवाद. काय करावं ते वेद सांगतो म्हणून तो प्रमाण. मग 'वायू ही सर्वांत वेगवान देवता' यात करायचं काय आहे? मीमांसासूत्रं रचणाऱ्या जैमिनींचं उत्तर (१.२.७) असं की हे सुटं वाचूच नका, शेजारच्या विधीला, म्हणजे काय करावं ते सांगणाऱ्या वाक्याला, जोडून एकच वाक्य धरा. वायूप्रीत्यर्थ याग सांगितलाय. देव वेगवान, म्हणजे फळही लवकर! निंदाही अशीच. तैत्तिरीय संहितेत (१.५.१) अग्नी रडतो, म्हणून तो रुद्र, त्याच्या आसवांची चांदी होते. एवढी कथा कशाला, तर यज्ञात चांदी दान देऊ नये म्हणून.

अलंकार शिरतो तो 'आदित्यो यूपः' (यूप म्हणजे सूर्यच) यामध्ये. यूप म्हणजे यज्ञातला पशू बांधायचा खांब; तो लाकडाचा, हे डोळ्यांना दिसतंच. तूप चोपडल्यावर तो तळपतो, त्या गुणावरून लक्षणा, म्हणजे शब्दशः अर्थ सोडून घेतलेला अर्थ. याला गुणवाद म्हणतात. पण तो अर्थवादाचा एक प्रकार झाला, सगळा अर्थवाद नव्हे.

प्रतिसाद : नामस्मरणवाल्यांसमोर हा शब्द जपून काढा. दहा नामापराधांच्या यादीत हरिनामाच्या महिम्याला अर्थवाद मानणं हाही एक अपराध आहे.

प्रश्नकर्ता : मग गुरुजी बरोबर की चूक?

प्रतिसाद : घाई करतात, एवढं नक्की. पळसाची जुहू (आहुती द्यायची पळी) असणाऱ्याच्या कानी वाईट बोल येत नाही, हे वाक्य मीमांसक निव्वळ स्तुती मानतात. कारण जुहू हे यागाचं साधन, आणि फळ यागाला आहेच. रात्रिसत्र या अनेक दिवस चालणाऱ्या सोमयागाला मात्र वेगळं फळ कुठेच सांगितलेलं नाही, तेव्हा अर्थवादात आलेली 'प्रतिष्ठा' (स्थैर्य) हेच त्याचं खरं फळ धरतात. आता गणपतीचं संकटनाशन स्तोत्र घ्या : 'षड्भिर्मासैः फलं लभेत्', सहा महिन्यांत फळ मिळतं. ते एखाद्या पूजेचं अंग म्हणून म्हटलं तर जुहूचा न्याय लावता येईल. नुसताच जप असेल, तर रात्रिसत्राचा का नको, हे गुरुजींना विचारा.