अनुभव धागा : सीपॅपचा मास्क तुम्हाला कसा जमला?

मंडळी, स्लीप अ‍ॅप्नियाचं निदान झालं, सीपॅप मशीन घरी आलं आणि थोड्याच दिवसांत ते माळ्यावर गेलं, असं सांगणारे बरेच जण मला भेटतात. जरा खोदून विचारलं की मशीनबद्दल फारशी तक्रार निघत नाही, निघते ती मास्कबद्दल. नाकाच्या दांड्यावर वळ उठतो, डोळ्यांत वारं जातं, सकाळी घशाला कोरड पडलेली असते, कुशीवर वळलं की हवा सुटून जाग येते. मग माणूस म्हणतो, आपल्याला नाही झेपत, आणि उपचारच सोडून देतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण आजार कुठे जात नाही. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे रात्रभर चालू राहतं. तासाला असे ५ ते १५ प्रसंग म्हणजे सौम्य, ३० आणि त्यापुढे तीव्र. माझ्या रिपोर्टात ४१ होते. रक्तदाबाच्या गोळ्या वाढत चालल्या होत्या आणि सिग्नलला गाडी थांबली की डोळा लागायचा.

मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. पण ती हवा आत जाते मास्कमधून, आणि तोच नीट बसला नाही तर मशीन कितीही भारी असो, उपयोग नाही. ढोबळमानाने मास्क तीन तऱ्हेचे: नाक झाकणारा नेझल, नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा पिलो, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. मला नेझल मानवला.

तुम्हाला कुठला मानवला, कुठला नाही, काय बदलल्यावर फरक पडला ते लिहा. मिशी, चष्मा, कवळी, कुठल्या कुशीवर झोपता, हेसुद्धा लिहा. वाचणाऱ्याला आपल्यासारखं कुणी सापडलं की धीर येतो. दाबाचे आकडे मनाने बदलायचे सल्ले मात्र नकोत, ते डॉक्टरांवर सोडू.

ठाणे, वय ६१

मला पहिल्याच दिवशी फुल फेस दिला, कारण मी तोंड उघडं ठेवून झोपतो. तोंड उघडं का राहतं, हे कुणी विचारलं नाही. हनुवटीकडून हवा सुटायची, ती थांबवायला पट्टे आवळायचे, की नाकावर लाल चट्टा. शेवटी मुलीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तर नाकाचा पडदा एका बाजूला सरकलेला आणि अ‍ॅलर्जीने आतून सूज. ऑपरेशनचं नंतर बघू म्हणाले. आधी नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे आणि झोपायच्या आधी सलाइनने नाक धुणं सुरू केलं. नाक मोकळं झालं तसं तोंड मिटायला लागलं.

मग नेझल मास्क घेतला. मशीन ऑटो आहे, म्हणजे गरजेप्रमाणे दाब स्वतःच कमी-जास्त करतं, त्यामुळे लागणारा दाबही उतरलेला रिपोर्टमध्ये दिसला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की फुल फेस मास्क खालच्या जबड्याला मागे रेटू शकतो, जबड्याबरोबर जीभ मागे जाते आणि घसा उघडायला जास्त दाब लागतो. सगळ्यांचं असं होतं असं नाही. पण नाक चोंदत असेल तर मास्क बदलायच्या आधी नाक दाखवून या, ही माझी कळकळीची विनंती.

कोल्हापूर, वय ४७

माझ्या डाव्या नाकपुडीत चमकी आहे, लग्नाच्या आधीपासूनची. हलका म्हणून पिलो मास्क घेतला, पण त्याचं सिलिकॉनचं टोक नेमकं चमकीच्या मागच्या फिरकीवर घासायचं. सकाळी आतल्या बाजूला खपली धरलेली असायची. सगळ्यांचं एकच, काढून ठेवा. पण भोक बुजतं, आणि मुख्य म्हणजे मला काढायची नव्हती. दुकानातल्या मुलाला चमकीचा प्रश्नच नवीन होता. मग सोनाराकडे जाऊन मागची बाजू चपटी करून घेतली आणि मास्क असा घेतला की जो नाकपुड्यांत शिरत नाही, नाकाच्या खालून नुसता टेकतो. आता चमकी आणि मास्क दोन्ही जागेवर.

केसांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. काही मास्कची नळी टाळूवर जोडलेली असते. कुशी बदलताना ती आड येत नाही, हे चांगलं, पण डोक्याला तेल असलं की वरचा पट्टा मागे घसरतो. मी तेल आता रात्री लावत नाही, रविवारी सकाळी लावून नहाते. अंबाडा घातला तर मागचा पट्टा वर चढतो, म्हणून सैल वेणी, आणि पट्टा केसांच्या खालून मानेला टेकवून घ्यायचा.

सातारा, फौजेतून निवृत्त

मिशी काढणार नाही हे आधीच सांगितलं होतं. नेझलचं कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, मिशीवर बसतं आणि वरच्या ओठाकडून हवा सुटते. पिलोचा मिशीशी फारसा संबंध येत नाही. मला एअरफिट पी१० नावाचा पिलो मास्क दिला, डोक्यावर काही आहे असं वाटत नाही. पहिले काही दिवस नाकपुड्या हुळहुळल्या, मग एक माप मोठं टोक लावलं आणि थांबलं. लहान टोक आत घुसून दुखवतं, बरोबर मापाचं बाहेरूनच टेकतं.

अमरावती, वडिलांसाठी लिहितेय

बाबांचं वय ७४, वरची-खालची पूर्ण कवळी. मास्कचं माप दुपारी दुकानात घेतलं, कवळी तोंडात, खुर्चीत ताठ बसून. तिथे अगदी फिट. रात्री कवळी डबीत जाते, गाल आत जातात, हनुवटी वर येते आणि मास्कच्या खालच्या कडेतून एवढी हवा सुटायची की आईला शेजारच्या खाटेवर झोप लागत नव्हती. बाबा रात्रीतून उठून पट्टे आवळायचे, सकाळी गालावर दोन्हीकडे वळ. पुढे तर मशीन लावायचं नाव काढलं की चिडायचे.

दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी माप घेतलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘काका, रात्री दात काढून ठेवता का?’ मग कवळी काढायला लावली, पलंगावर आडवं केलं, रोजच्या दाबावर मशीन चालू केलं आणि मग माप पाहिलं. फुल फेसच, पण माप एकाने लहान लागलं. त्यांनी मास्क चेहऱ्यावरून थोडा पुढे ओढून परत अलगद ठेवायला शिकवलं, म्हणजे कुशन हवेने फुगून आपोआप बसतं. बाबा ते आता स्वतः करतात. चिडचिड गेली. सकाळी पेपर वाचून त्यातल्या बातम्या आम्हाला सांगतात, हे किती दिवसांनी झालं.

नागपूर, रेस्पिरेटरी टेक्निशियन

अमरावतीच्या ताईंनी लिहिलं तेच मी रोज सांगतो: मास्क आडवं होऊन, मशीन चालू ठेवून बसवायचा. बसलेला चेहरा आणि झोपलेला चेहरा वेगळा असतो. आणि पट्टे. जवळजवळ सगळे लोक पट्टे गरजेपेक्षा घट्ट बांधतात. कुशनला सिलिकॉनचे दोन थर असतात, आतला जाड, बाहेरचा पातळ. बाहेरचा पातळ थर हवेने फुगून त्वचेवर फुग्यासारखा बसतो, गळती तोच थांबवतो. पट्टा आवळला की तो चुरगळतो, त्याला सुरकुती पडते आणि तिथूनच हवा सुटते. माणूस आणखी आवळतो, गळती आणखी वाढते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

कुशन रोज सकाळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. चेहऱ्याचा तेलकटपणा त्यावर बसला की ते सरकतं. झोपताना क्रीम, खोबरेल, व्हॅसलीन मास्कच्या जागी लावू नका, सिलिकॉन खराब होतं.

मास्कच्या पुढे बारीक छिद्रं असतात, तिथून हवा सतत येत राहते. ती गळती नव्हे. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर जातो. आवाज येतो म्हणून चिकटपट्टी लावलेले मास्क मी पाहिले आहेत. कृपा करून असं कधीच करू नका.

आणखी एक महत्त्वाचं. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या क्लिप असतात. लावायला सोप्या, संधिवाताच्या बोटांना तर फारच. पण पेसमेकर, हृदयातलं डिफिब्रिलेटर, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप, शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी), कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असं काही असेल तर ते घेऊ नका. शेजारी झोपणाऱ्याला असेल तरीही नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी याबद्दल सूचना काढल्या. बिनचुंबकाच्या क्लिप मिळतात, मागून घ्या.

नवीन पेशंटना मी एक गोष्ट सांगतो. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये सीपॅप पहिल्यांदा वापरलं, १९८१ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या सुरुवातीच्या पेशंटच्या नाकाचा साचा काढून मास्क बनवायचे आणि तो रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवायचे. लोक तेही करायचे, कारण दुसरा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं हाच होता.

नवी मुंबई, वय ५२

मी लिहू का नको असा विचार करत होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये मी कोविडने आयसीयूत होते, तोंडावर घट्ट मास्क लावून बायपॅप, म्हणजे श्वास घ्यायला मदत करणारं मशीन. शेजारच्या बेडवरच्या काकू गेल्या ते मी त्याच मास्कमधून पाहिलं. नंतर स्लीप अ‍ॅप्निया निघाला, आणि टेक्निशियनने फुल फेस मास्क पुढे केला तेव्हा माझे हात थरथरायला लागले. घरी येऊन रडले.

माझ्या डॉक्टरांनी घाई केली नाही. ते म्हणाले, सध्या झोपायचंच नाही, मास्क नुसता हातात धरा. संध्याकाळी टीव्ही बघताना पिलो मास्क हातात धरून नाकाशी न्यायचा, मशीन कमी दाबावर चालू, पट्टे न लावता. नको वाटलं की लगेच खाली. हा अधिकार माझ्याकडे होता, आयसीयूत तो नव्हता. हळूहळू पट्टा लावून बसायला लागले, मग दुपारी अर्धा तास आडवं, खिडकी उघडी ठेवून. रात्रीचा नंबर फार नंतर आला. मशीनमध्ये ‘रँप’ असतो, म्हणजे सुरुवातीला दाब कमी आणि मग सावकाश वाढतो, तो लावून घेतला.

पिलो मास्कमुळे डोळ्यांपुढे काही नसतं, चष्मा लावून वाचता येतं, पाणी पिता येतं. बंद झाल्याची भावना त्याने कमी झाली. ज्यांना माझ्यासारखं झालं असेल त्यांनी ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. भीती वाटते हे सांगितल्याशिवाय समोरच्याला कळत नाही, आणि तिच्यावर उपाय आहे.

रत्नागिरी तालुका

पावसात आमच्याकडे लाइट जाते ती जातेच. मास्क घेताना ‘रात्री मशीन बंद पडलं तर?’ हे पहिलं विचारलं. फुल फेस मास्कला एक झडप असते, हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. ती दर आठवड्याला नीट हलते का ते बघतो. नेझल असेल तर तोंड मोकळंच असतं. इन्व्हर्टर घेतला तेव्हा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा मशीनचा भाग) बंद ठेवायला सांगितलं, गरम करायला वीज जास्त लागते. इथल्या दमट हवेत पावसाळ्यात त्यावाचून अडतही नाही.

न्यू जर्सी

ह्यांच्यासाठी मास्क शोधताना इथे एक सोय झाली: आम्ही घेतला त्या पुरवठादाराकडे ठरावीक मुदतीत मास्क बदलून मिळत होता. इन्शुरन्सवाले मात्र वापर मोजतात. मेडिकेअरला, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला, पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवस असे लागतात की त्यातल्या ७० टक्के रात्री किमान ४ तास मशीन लावलेलं हवं. त्या धास्तीने सासरे, जे आमच्याकडेच असतात, टोचणारा मास्क तसाच सोसत राहिले. मी फोन करून बदलून घेतला, नेझलचा रुंद नाकाचा प्रकार मिळाला. आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांची नाकं रुंद असतात, त्यांनी ‘वाइड’ माप आहे का विचारावं.

माझी स्वतःची अडचण वेगळी होती. ह्यांच्या मास्कच्या छिद्रांतली हवा थेट माझ्या मानेवर यायची. काही मास्कमध्ये ती हवा जाळीतून पसरून बाहेर पडते, तसा घेतल्यावर प्रश्न मिटला. शेजारी झोपणाऱ्याला सोबत घेऊन जा, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

सोलापूर

माझी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, गेल्या आठवड्यात झाली, परवा मास्क बघायला जायचंय. इकडे एकच दुकान आहे आणि डबा उघडला की परत घेत नाहीत म्हणतात. काय करू?

नागपूर, रेस्पिरेटरी टेक्निशियन

दादा, जायच्या आधी फोन करा आणि दोन गोष्टी विचारा. एक, ‘फिट पॅक’ आहे का. काही मास्कच्या एकाच डब्यात लहान, मध्यम, मोठं अशी तिन्ही कुशन येतात, त्यात माप चुकायचा धोका कमी. दोन, दुकानात डेमोचे मास्क आहेत का आणि आडवं व्हायला पलंग आहे का. नसेल तर तुमच्या स्लीप स्टडीवाल्यांना विचारा, लॅबमध्ये वेगवेगळ्या मापांचे मास्क बहुतेक असतात. स्टडीत मशीन लावून पाहिलं असेल तर त्या रात्री कुठला मास्क, कुठलं माप होतं ते रिपोर्टवर लिहिलंय का बघा. कुशन सुटं मिळतं का, तेही विचारून घ्या, कारण आधी झिजतं ते कुशन, आणि त्यासाठी पूर्ण मास्क घ्यायची गरज नसते. जाताना घरची उशी घेऊन जा. दाढी ठेवत असाल तर तशीच ठेवून जा. माप घेतल्यावर काय निघालं ते इथे लिहा.